दारं धरणारे दोघे भाऊ

तुमच्या शाळेतून चिठ्ठी आली असं तुमची आई फोनवर सांगत होती. थोरला म्हणे वाचतो फडाफडा, पण काय वाचलंस विचारलं की खांदे उडवतो. धाकटी त्याहून हुशार. ती आधी प्रश्न वाचते, प्रश्नातला शब्द धड्यात शोधते आणि सापडला की ते अख्खं वाक्य उचलून उत्तराच्या जागी नेऊन ठेवते. गुण मिळतात, पण बाईंना संशय आला आहे. आई काळजीत होती. मला मात्र हसू आवरेना, कारण धाकटीची ही कला मी पूर्वी पाहिली आहे. तुमची आई जन्मायच्याही आधी, इंदापूर तालुक्यातल्या एका गावात, आठवीचा अख्खा वर्ग या कलेत पारंगत होता. त्या वर्गापायी माझी नोकरी जाता जाता कशी राहिली ते आता क्रमाने सांगते. आई वाचून दाखवील तेव्हा मध्ये मध्ये तिला थांबवून अर्थ विचारा. तिलाही सवय होऊ दे.

माझं लग्न होऊन मी पुण्याहून बारामतीला सासरी आले ते पन्नास साल उलटल्यानंतर. पाठोपाठ तुमच्या आजोबांची नेमणूक बावड्याच्या बाजूच्या एका गावातल्या दवाखान्यात झाली. गाव पाटाखालचं, म्हणजे कालव्याचं पाणी मिळणारं. सगळीकडे ऊस. त्याच वर्षी तिथे नवीन हायस्कूल निघालं होतं आणि शिकवायला माणसं मिळत नव्हती. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. अर्ज केला, तर हेडमास्तर म्हणाले, "इंग्रजी मी स्वतः घेतो. तुम्ही मराठी घ्या." त्यांचं इंग्रजी मी पुढे ऐकलं. पण तो विषय वेगळा.

सासूबाईंची परवानगी हा खरा पेपर होता. सून नोकरी करते हे बारामतीत कुणाला सांगायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. शेवटी त्यांनी तोड काढली. "एक वर्ष कर हौस. शाळेनं कायम केलं तर पुढं बघू. नाही केलं तर उन्हाळ्यात इकडं ये आणि घराला हातभार लाव." हातभार म्हणजे पापड, कुरडया, सांडगे, लोणची, आणि दुपारभर गच्चीवर बसून कावळे हाकणं. मला पापड लाटता येत नव्हते असं नाही. मला ते जन्मभर लाटायचे नव्हते. म्हणून त्या वर्षी शाळेत कायम होणं याखेरीज माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी वर्गाला धडा वाचायला सांगितला. एकेक मूल उभं राहिलं आणि असं खणखणीत, सुरात, हेल काढून वाचलं की मी थक्क झाले. पूर्णविरामाला सगळ्यांचा सूर एकाच जागी उतरायचा. मी मनात म्हटलं, वा, इथे आपल्याला करायला काही उरलेलंच नाही. मग प्रश्न विचारला.

"राजाने प्रधानाला कुठे टाकले?"

"कारागृहात!" सगळा वर्ग.

"शाबास. कारागृह म्हणजे काय?"

मग मधल्या बाकावरचा एक जण उठला. "कारागीर ऱ्हातो ते घर, बाई."

"बरं. मग राजाने प्रधानाला कारागिराच्या घरी कशाला पाठवलं असेल?"

तो थोडा विचारात पडला. "काय तर दुरुस्तीला आलं असंल."

हे उत्तर मला इतकं आवडलं की मी त्याला बस म्हणायलाही विसरले. पण संध्याकाळी घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं, की "कारागृहात" या उत्तराला मी शाबास म्हटलं होतं आणि त्या उत्तरात काहीच नव्हतं. प्रश्नातला "टाकले" हा शब्द पकडून मुलांनी शेजारचा शब्द ओढून काढला होता, विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढतात तसा. बादलीत पाणी आहे की नाही हे कुणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन नियम केले. पहिला नियम, वाचायचं ते मनात. मोठ्यानं वाचताना मुलांचं सगळं लक्ष हेल सांभाळण्यात जायचं. पण मनात वाचायची कुणाला सवयच नव्हती. तोंड मिटा म्हटलं की ओठ हलायचे, ओठ धरले की मान डोलायची. मग मी प्रत्येकाला एक चिंचोका दिला आणि सांगितलं, हा जिभेखाली धरून वाचायचा. ओठ हलले तर चिंचोका बाहेर. उपाय चांगला लागू पडला, फक्त काही दिवसांनी वर्गातून कटाकटा आवाज येऊ लागला. पोरं घरून भाजलेले चिंचोके आणून फोडून खात होती. पण खाताना का होईना, गप्प बसून वाचत होती. मी काणाडोळा केला.

दुसरा नियम जास्त कडक होता. उत्तर आपल्या शब्दांत लिहायचं. उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उचललं तर शून्य. यावर वर्गात मोठी नाराजी पसरली. एक मुलगा म्हणाला, "बाई, उत्तर तितं लिवलंयच की. मंग पुन्यांदा येगळं कशाला लिवायचं?" मी म्हटलं, "शेजारणीच्या परड्यात मेथी असते. ती उचलून आणून आपल्या परड्यात खोचली तर तुझ्या आईनं मेथी लावली असं होतं का?" तो म्हणाला, "न्हाय. पर भाजी तर हुती." त्याच्याशी मी पुढे वाद घातला नाही.

अर्थ समजला की नाही हे ओळखायची मात्र मला एक नामी युक्ती सापडली. मी फळ्यावर छोटीशी गमतीची गोष्ट लिहायची. मुलांनी मनात वाचायची, आणि मी फक्त चेहरे पाहायचे. समजलेलं मूल बरोबर चौथ्या-पाचव्या ओळीला फिसकन हसायचं. मग दुसरं, मग तिसरं. हसू वर्गात असं सरकत जायचं की कोण किती भराभर वाचतं तेही कळायचं. पोरं काय कमी? थोड्याच दिवसांत ज्यांना समजत नव्हतं तीही शेजाऱ्याच्या आधारानं हसायला लागली. म्हणून एक दिवस मी फळ्यावर एका म्हाताऱ्या बैलाच्या मरणाची गोष्ट लिहिली. चौथ्या ओळीला मागचा बाक खो-खो हसला. बाकीचा वर्ग डोळ्यांत पाणी आणून त्यांच्याकडे वळून पाहू लागला. त्या दिवसानंतर खोटं हसणं बंद झालं.

आता तात्या.

तात्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. शाळेची जागा त्यांनीच दिलेली, त्यामुळे शाळेला लागून त्यांचा ऊस. सकाळी रानात जाताना आणि दुपारी परत येताना ते शाळेच्या भिंतीपाशी थांबून कान द्यायचे. त्यांच्या मते शाळा ही उसाच्या चरकासारखी गोष्ट होती. चालू असली तर वाजायला हवी. इतर वर्ग वाजत होते. पाढे, श्लोक, कविता, सगळं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. माझा वर्ग तेवढा मुका. एक दिवस ते खिडकीत येऊन उभे राहिले.

"बाई, वर्ग आजारी हाय का काय?"

"नाही तात्या. वाचतोय."

"मंग ऐकू कसं येत न्हाय?"

"मनात वाचतायत."

"मनात?" तात्यांनी पटका मागे सरकवला. "मनात काय, मीबी वाचतो. मला कुठं लिवाया-वाचाया येतंय!"

वर्ग हसला, आणि अगदी बरोबर जागी हसला. मला अभिमान वाटला, पण तात्यांना नाही. त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं, की संक्रांतीनंतर दिपोटी येणार आहे. गावात शाळा तपासायला येणाऱ्या प्रत्येक साहेबाला दिपोटीच म्हणत. तर दिपोटीसमोर बाईंच्या वर्गाची परीक्षा घ्यायची. त्यांनी चांगलं म्हटलं तर बाई कायम. न्हाय तर डाक्टरीणबाईंनी घर सांभाळावं, आपण वाजणारा मास्तर आणू.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, "मी तात्यांचा खोकला बरा करायचं लांबवू का?" मी म्हटलं, नको. त्यानं शाळेला आवाज येईल, पण मला उपयोग होणार नाही.

साहेब आले ते बारामतीहून सकाळच्या मोटारीनं, कोट-टोपी घालून. पुण्याचे होते, गोरेपान, स्वच्छ, शब्द तोलून बोलणारे. त्यांना पाहताच मला वाटलं, हे आपल्यातले, यांना आपलं म्हणणं कळेल. त्यांनीही वर्गात येताच म्हटलं, "मोठ्यानं वाचून घेण्यात मला रस नाही. मुलांना समजतं किती ते मला पाहायचं आहे." मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. दारात उभ्या असलेल्या तात्यांचं तोंड कडू झालं आणि ते बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

उतारा साहेबांनी स्वतः रचून आणला होता. हेडमास्तरांनी तो आपल्या सुंदर अक्षरात फळ्यावर उतरवला. मला तो अजून पाठ आहे, कारण ती तासभराची घालमेल मी विसरणं शक्य नाही. उतारा असा होता:

"एका गावात चोरांचा सुळसुळाट झाला होता. तेथे दोन भाऊ राहत. दोघेही स्वभावाने भित्रे होते. एके रात्री ते दोघे रात्रभर दारे धरून बसले. त्यांचा कुत्राही त्यांच्यापाशीच होता. चोराने मात्र घराच्या मागील भिंतीस भगदाड पाडले आणि पेटी पळवली. सकाळी पाहतात तो पेटी नाही!"

खाली दोन प्रश्न. चोर आला तेव्हा भाऊ काय करीत होते? आणि, चोराचे फावले कसे?

मला उत्तरं सरळ दिसत होती. भाऊ दारांशी पहारा करीत होते, आणि दारांवर लक्ष ठेवताना भिंतीकडे दुर्लक्ष झालं. तात्पर्य, सर्व बाजूंनी सावध असावे. सोपा उतारा होता. मी निश्चिंत उभी राहिले. मुलांनी वाचलं, काही जण शेवटच्या ओळीला हसले, सगळ्यांनी भराभर लिहून कागद दिले.

साहेबांनी पहिला कागद वाचला आणि भुवई वर केली. दुसरा वाचला. तिसरा. मग कागदांची चळत हेडमास्तरांच्या पुढ्यात टाकली. हेडमास्तरांनी वाचून माझ्याकडे पाहिलं, तसे डोळे मी पुढे फक्त परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पालकांचे पाहिले.

पहिल्या कागदावर लिहिलं होतं, भाऊ उसाला पाणी देत होते. दुसऱ्यावर, भाऊ उसात होते. तिसऱ्यावर, भाऊ पाण्यावर गेले होते. शेवटपर्यंत तेच. ऊस, ऊस, ऊस.

"बाई," साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या उताऱ्यात ऊस कुठे आहे?"

मी फळ्याकडे पाहिलं. ऊस नव्हता. पाणी नव्हतं. शेतसुद्धा नव्हतं.

"एखाद्याची चूक मी समजू शकतो. सगळा वर्ग एकच चूक करतो, आणि तीही अशी चूक, याचा अर्थ एकच. एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. तुमच्या शांत वर्गात एवढी कॉपी चालते?"

हेडमास्तर माझ्या कानाशी पुटपुटले, "बाई, पूर्वी हीच मुलं 'दारे धरून बसले होते' एवढं उचलून लिहीत असत. पूर्ण गुण मिळाले असते." हे इतकं खरं होतं की मला बारामतीची गच्ची आणि तिच्यावरचे कावळे डोळ्यांसमोर दिसू लागले. माझ्या नियमानेच माझा घात केला होता. आपल्या शब्दांत लिहा, म्हणे!

मी मुलांना विचारलं, "अरे, ऊस कुठून आणला तुम्ही?"

सगळी मुलं माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं मी त्यांच्याकडे कारागृहाच्या दिवशी पाहिलं होतं. एक जण म्हणाला, "बाई, ते दारं धरत व्हते की."

"हो, मग?"

"मंग काय? दारं धरत व्हते."

यापुढे त्याला काही सांगता येईना आणि मला काही कळेना. साहेब म्हणाले, "पढवलेलं उत्तर आहे हे." मग त्यांना वाटलं, आपण न्यायानं वागतो हे दिसायला हवं. "वर्गाबाहेरचा कुणी तरी माणूस बोलवा. ज्यानं फळा पाहिलेला नाही. साधा माणूससुद्धा हा उतारा ऐकून काय म्हणतो ते तुम्हाला दाखवतो."

ओसरीवर एकच माणूस होता.

तात्या आत आले, खुर्चीवर बसले, काठी गुडघ्यात धरली. साहेबांनी उतारा सावकाश वाचून दाखवला. तात्यांनी डोळे मिटून ऐकला. मध्येच "आरारा!" म्हणाले, पेटी गेली तेव्हा.

"तात्यासाहेब, आता सांगा. चोर आला तेव्हा भाऊ काय करत होते?"

"काय करत व्हते म्हंजी? दारं धरत व्हते. तुमीच वाचलं न्हवं आत्ता?"

साहेबांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. "बरोबर! म्हणजे कुठे होते?"

"कुठं म्हंजी? रानात."

साहेबांची नजर माझ्यावरून परत तात्यांकडे गेली. "रानात? घरात नाही?"

"घरात कशाला, साहेब? घरात ऊस लावतोय व्हय कुनी?"

वर्ग फुटला. हेडमास्तरांनी टेबलावर छडी आपटली, पण त्यांचाच चेहरा हलत होता. तात्यांना आपण काय विनोद केला ते समजेना. ते साहेबांना समजावून सांगू लागले. पाटाला पाणी सुटतं ते पाळीनं. पाळी रात्रीची आली तर रात्री जायचं. सरीच्या, म्हणजे उसातल्या चराच्या, तोंडाची माती खोऱ्यानं काढायची, पाणी आत घ्यायचं, सरी भरली की तोंड बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. ते तोंड म्हणजे दार. रात्रभर हे करत बसायचं म्हणजे दारं धरायची. "तुमी पुण्यात काय धरता?" त्यांनी खरोखरच्या कुतूहलानं विचारलं.

साहेबांनी आधाराला माझ्याकडे पाहिलं. मीही पुण्याचीच.

पण साहेब चिवट होते, आणि खरं सांगायचं तर चांगले शिक्षक होते. ते म्हणाले, "कॉपी नाही हे मान्य. एका शब्दाचा घोटाळा झाला. पण उतारा म्हणजे एक शब्द नव्हे. बाकीची वाक्यं पाहिली असती तर हा अर्थ बसत नाही हे मुलांच्या लक्षात यायला हवं होतं. भाऊ भित्रे होते असं मी स्पष्ट लिहिलंय. भित्री माणसं अंधारात रानात जातील? सांगा, कोण सांगतं?"

आता सगळं यावर आलं. माझी मान खाली. आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. वर्षभरात ती आपण होऊन एकदाही बोलली नव्हती.

"भित्रे व्हते म्हनून तर दोघं गेले, साहेब."

"म्हणजे?"

"भित्रा नसता तर एकटा गेला असता. मंग दुसरा घरी ऱ्हायला असता. भ्या वाटलं म्हनून दोघं बी गेले, आन् कुत्रं बी नेलं." तिनं फळ्याकडे बोट केलं. "कुत्रा त्यांच्यापाशीच व्हता, असं तुमीच लिवलंय. कुत्रं घरात असतं तर भगदाड पाडताना भुंकलं नसतं का? घरी कुनीच नव्हतं म्हनून चोराचं फावलं."

ती बसणार होती, पण काही तरी आठवून पुन्हा उभी राहिली. "आन् घरात माणूस दाराला कडी घालतो. धरून कशाला बसंल?"

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. आपला उतारा पहिल्यापासून वाचला, मनात. त्यांचे ओठ हलत होते, आणि मला चिंचोक्याची आठवण झाली. वाचता वाचता कुत्र्याच्या वाक्यापाशी ते थांबले आणि फिसकन हसले. मग टोपी काढून टेबलावर ठेवली.

"हेडमास्तर," ते म्हणाले, "हा उतारा मी लिहिला तेव्हा कुत्रा का भुंकला नाही याचा विचार मी केला नव्हता. हिच्या अर्थानं तो माझ्यापेक्षा चांगला जमतो."

सगळ्यांना पूर्ण गुण मिळाले. बाई कायम कराव्यात असा शेरा साहेबांनी तिथल्या तिथे सांगितला. तात्यांना अजून एक शंका होती. "पर साहेब, वर्ग वाजत न्हाय त्याचं काय?" साहेब म्हणाले, "मघाशी तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात तेव्हा तुम्ही कुठे वाजत होतात?" तात्या म्हणाले, "आसं व्हय!" आणि साहेबांना दारं कशी धरतात ते दाखवायला शेजारच्या उसात घेऊन गेले. दुपारच्या मोटारीनं साहेब परत गेले तेव्हा त्यांच्या विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल होता. सासूबाईंना मी कायम झाल्याचं कळवलं, तर त्यांनी उलट निरोप धाडला, "पापडाचं पीठ पाठवते, तिथंच लाट."

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा आले. या खेपेला जरा उतरलेले दिसत होते. म्हणाले, "बाई, दोघा भावांचा उतारा मी वर्षभर सगळ्या तालुक्यांत नेला. जिकडे पाट नाही, नुसतं पावसावरचं रान आहे, तिकडची मुलं एकजात लिहितात, भाऊ घराच्या दारात बसले होते. कुत्र्याचा कुणी विचारच करत नाही. आता त्यांना मी गुण द्यायचे तरी कसे?"

मी म्हटलं, "पूर्ण द्या, साहेब. त्यांना पाणी मिळालं नाही, त्यात त्यांचा काय दोष?"